डग्गा घुमतो, शब्द बुडतात : कमी खर्चात घरातला आवाज सुधारताना

"आवाज मोठा आहे, पण गाणं कळत नाही." घरच्या साउंड सिस्टीमबद्दल कोणी सल्ला विचारायला आलं की सुरुवात साधारण अशीच होते. जरा खोदून विचारलं की बाकीचं बाहेर पडतं. डग्ग्यावर थाप पडली की अख्खी खोली घुमते, शब्द त्याखाली बुडतात आणि दोन गाण्यांच्या मधे 'घूंऽऽ' असं काहीतरी चालूच राहतं. मग दिवाळीच्या सेलमध्ये नवा साउंडबार येतो, आठवडाभर त्याचं कौतुक होतं आणि पुन्हा तेच रडगाणं. डबा बदलला, पण कोपरा तोच, वायर तीच आणि पंख्याचा रेग्युलेटरही तोच.

हातात पैसे बेताचे असतील तर क्रम सोडू नका. आधी जागा, मग जोडणी, मग सेटिंग आणि त्यानंतरही काही उरलंच तर खरेदी. माझं मत विचाराल तर दहा हजारांच्या आतल्या सिस्टीममध्ये स्पीकर कोणत्या कंपनीचा आहे यापेक्षा तो कुठे ठेवलाय याने जास्त फरक पडतो.

दोष नक्की कुठे आहे?

एक बऱ्यापैकी वायरवाला इअरफोन घ्या आणि स्पीकरवर वाजवता तेच गाणं त्याच फोनवर ऐका. इअरफोनमध्ये शब्द स्वच्छ आणि स्पीकरवर गिचमिड असेल तर दोष घरात आहे. दोन्हीकडे गिचमिड असेल तर मुळात फाइलच वाईट आहे. व्हॉट्सॲपवर फिरत फिरत आलेल्या क्लिपला कोणताही स्पीकर वाचवू शकत नाही. गाण्यांच्या ॲपमध्ये डेटा सेव्हर चालू असेल तर तो बंद करा आणि क्वालिटी सर्वांत वरची निवडा.

चाचणीसाठी तबला-पेटीच्या साथीवरचं एकट्या गायकाचं गाणं घ्या. माणसाचा आवाज कसा असतो हे कानाला पक्कं ठाऊक असतं, त्यामुळे बिघाड लगेच पकडता येतो. पन्नास व्हायोलिनं आणि ढोल-ताशे असलेल्या गाण्यात काय बिघडलंय ते कळत नाही, सगळंच भारी वाटतं. फार जुनी ध्वनिमुद्रणंही चाचणीला नकोत. आपल्याकडे व्यावसायिक ध्वनिमुद्रण १९०२ मध्ये कोलकात्यात सुरू झालं आणि मायक्रोफोन वापरून मुद्रण करण्याची पद्धत जगात १९२५ च्या सुमारास आली. तोवर गायक-गायिका भोंग्यासमोर उभं राहून गात. त्या तबकड्यांत खर्ज जवळपास नसतोच. तिथे बासचं बटण फिरवलं तर वाढते ती फक्त घरघर.

आता गाणं थांबवा आणि स्पीकरजवळ कान न्या. काहीही वाजत नसताना हम, म्हणजे तो 'घूंऽऽ', येत असेल तर खालचा हमचा भाग आधी वाचा. वाद्यं ऐकू येतात पण गायकच गायब आहे, असं असेल तर ऑक्स वायरचा, म्हणजे फोन आणि स्पीकर जोडणाऱ्या पिनेच्या वायरचा भाग. आणि सगळं ऐकू येतंय पण घुमतंय, तर इथूनच पुढे.

घुमणं : बहुतेक वेळा दोष खोलीचा

समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये एक ठरावीक खालचा स्वर अडकून राहतो. गणित सोपं आहे. ५६५ ला भिंतींमधल्या अंतराने, फुटांत, भागायचं. १० फुटांच्या खोलीत उत्तर येतं साधारण ५६ हर्ट्झ (सेकंदाला ५६ कंपनं), ११ फुटांत ५१, ८ फुटांत ७०. साडेनऊ फुटांवर छत असेल तर तिथे ५९. म्हणजे १० बाय १० च्या खोलीत लांबी, रुंदी आणि उंची तिन्ही मिळून ५६ ते ५९ च्या दरम्यानचे स्वर फुगवत बसतात. चौरस खोल्या ऐकायला वाईट का असतात, त्याचं कारण हे.

८ फूट रुंदीच्या बेडरूमची गंमत वेगळीच. काळी एकचा, म्हणजे पेटीवरच्या पहिल्या काळ्या पट्टीचा, मध्य सप्तकातला सा येतो २७७ हर्ट्झला, त्याच्या खालचा १३९ ला आणि खर्जाचा ६९ ला. म्हणजे काळी एकची मैफल लावली की खर्जाचा सा आणि खोलीचा स्वर जवळजवळ एकाच ठिकाणी येतात. गायक पट्टी बदलतो तशी खोलीही घुमते किंवा गप्प बसते. 'एका गाण्याला छान वाजतं, दुसऱ्याला वाईट' या तक्रारीमागे बऱ्याचदा हेच असतं आणि स्पीकर बिचारा उगाच शिव्या खातो.

तपासायला फोनवर टोन जनरेटरचं कुठलंही फुकट ॲप घ्या. फोन स्पीकरला जोडून ४० हर्ट्झपासून सुरू करून हळूहळू १५० पर्यंत जा, आवाज बेताचाच ठेवा. मधेच एखादा आकडा अंगावर येतो. तो लिहून ठेवा. तानपुऱ्याचं ॲप यासाठी चालत नाही, कारण तानपुऱ्याच्या खर्जात मूळ स्वरापेक्षा वरचे स्वरांशच जास्त जोरकस असतात.

आता हे लक्षात ठेवा की असा अडकलेला स्वर भिंतीला चिकटून सर्वांत जोरात ऐकू येतो आणि खोलीच्या मध्यावर सर्वांत कमी. आपल्याकडे दिवाण भिंतीला लावलेला असतो, आपण भिंतीला टेकून बसतो आणि स्पीकर समोरच्या कोपऱ्यात कोंबलेला असतो. म्हणजे तिन्ही चुकीच्या जागा एकदम. १० फुटांच्या खोलीत भिंतीपासून अडीच फूट पुढे येऊन बसलात तरी तो स्वर ३ डेसिबलने उतरतो. डेसिबलचा हिशोब बाजूला ठेवा, कानाला फरक चटकन कळतो.

डोंबिवलीला मावशीकडे अगदी नमुनेदार मांडणी होती. टू-पॉइंट-वन सेट, म्हणजे दोन छोटे स्पीकर आणि खालच्या स्वरांचा एक मोठा वूफर. तो वूफर टीव्हीच्या युनिटखाली कोपऱ्यात, शेजारी लोखंडी कपाट आणि पलीकडे ओट्याजवळची स्टीलची मांडणी. मावशी म्हणाली, "अरे, अभंग लावला की मांडणीवरची फुलपात्रंसुद्धा टाळ धरतात." तिचं निदान अचूक होतं. वूफर कोपऱ्यातून काढून त्याच भिंतीच्या मध्यावर आणला. भिंतीच्या मध्यावरून त्या रुंदीचा पहिला स्वर उठतच नाही, हे त्यामागचं कारण. मग मागचं बासचं बटण, जे कोणीतरी पूर्ण उजवीकडे फिरवून ठेवलं होतं, ते निम्म्याच्याही खाली आणलं. राहिली फुलपात्रं. सगळी उलटी घालून त्यांच्याखाली जुन्या सुती साडीचा पट्टा टाकला. कपाटाच्या दारात घडी घातलेला पुठ्ठा बसवला. खर्च शून्य. मावशीचा पहिला शेरा होता, "बास कमी झाला की रे." थोड्या वेळाने तीच शब्द गुणगुणायला लागली. बासची सवय सुटायला दोन-तीन दिवस लागतातच, तोवर बटणाला हात लावू नका.

वूफरची जागा शोधायची एक युक्ती आहे, फक्त ती करताना शेजाऱ्यांनी बघू नये. वूफर उचलून तुम्ही बसता त्या जागी ठेवा, डग्गा भरपूर असलेलं गाणं लावा आणि खोलीत कडेकडेने रांगत फिरा, कान वूफरच्या उंचीवर. जिथे डग्ग्याचा प्रत्येक ठोका सुटा ऐकू येतो, घीस आणि मींड कळते, तिथे वूफर ठेवा. जिथे नुसतं धप्प-धप्प येतं, ती जागा टाळा.

दोन स्वतंत्र स्पीकर असतील तर ते कपाटाच्या वर किंवा पलंगाखाली नकोत. बारका स्पीकर, ज्यातून वरचे स्वर येतात, तो बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर असावा. वरचे स्वर सरळ रेषेत जातात. शब्दांतले स, श, त, च हे सगळे तिथेच असतात. स्पीकर वर माळ्यावर आणि आपण खाली चटईवर, मग शब्द कळणार कसे? स्टूल नसेल तर दोन विटा आणि वर फरशीचा तुकडा चालतो. दोन स्पीकर आणि तुम्ही मिळून साधारण समभुज त्रिकोण व्हावा, दोघांची तोंडं किंचित तुमच्याकडे वळलेली.

स्पीकरला मागे भोक असेल आणि भिंतीपासून लांब ठेवणं शक्यच नसेल, तर त्या भोकात एक स्वच्छ मोजा सैलसर कोंबा. घुमणं कमी होतं. आवडलं नाही तर मोजा काढा, पायात घाला.

मग उरतो प्रतिध्वनी. खोलीच्या मधोमध उभं राहून जोरात एक टाळी वाजवा. मागून 'टर्रर्र' असा बारीक आवाज आला तर फरशी, गिलावा आणि काच मिळून शब्द पुसट करताहेत. जाड सतरंजी किंवा गोधडी जमिनीवर, खिडकीला जाड पडदा, पुस्तकांचं उघडं कपाट, एवढं पुरतं. अंड्यांचे ट्रे भिंतीवर चिकटवायच्या भानगडीत पडू नका. पातळ पुठ्ठ्याने फक्त अगदी वरचे स्वर थोडे मऊ होतात, घुमणं तसंच राहतं आणि झुरळांची सोय होते ती वेगळीच.

गायक गायब, वाद्यं हजर

ही तक्रार ऐकायला विचित्र वाटते, पण फार सर्रास येते. गाणं चालू आहे, तंबोरा आहे, व्हायोलिन आहे, गायक मात्र लांब कुठेतरी विहिरीत. लोक स्पीकर बदलून मोकळे होतात. कारण ऑक्स वायरमध्ये असतं. त्या पिनेतली सामाईक तार तुटली, किंवा पिन पूर्ण आत बसलीच नाही, की डाव्या-उजव्या बाजूंचा फरक तेवढा ऐकू येतो. गायकाचा आवाज दोन्ही बाजूंना सारखाच असल्याने तो वजा होतो. फोनचं कव्हर जाड असेल तर पिन अर्धा मिलिमीटर बाहेर राहते, तेवढंही पुरतं. कव्हर काढून बघा, पिन हलवून बघा, मग नवी वायर घ्या. शंभर-दीडशेचं काम.

याचाच भाऊ म्हणजे उलटी वायर. एका स्पीकरला लाल-काळं बरोबर आणि दुसऱ्याला उलटं जोडलं, की बास पातळ होतो आणि गायक मध्यभागी न राहता खोलीभर पसरतो. दोन्ही स्पीकर तोंडाला तोंड लावून जवळ ठेवा, गाणं लावा, बंद करा, एकाच स्पीकरची वायर उलटी करून पुन्हा लावा. ज्या जोडणीत आवाज भरदार येतो ती बरोबर. वायर बदलताना ॲम्प्लिफायर बंद हवा, दोन उघडी टोकं एकमेकांना चिकटली तर आतली आयसी जाऊ शकते.

हम आणि खरखर

आपल्या विजेची वारंवारता ५० हर्ट्झ. हम ५० किंवा १०० हर्ट्झचा असतो आणि तो येण्याच्या वाटा ठरलेल्या आहेत. एक-एक बंद करत जायचं.

सर्वांत आधी पंखा. गोल फिरवायचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर असेल आणि पंखा मधल्या वेगावर असेल, तर तो रेग्युलेटर विजेची लाट कापून पंख्याला देतो आणि त्याची 'चर्रर्र' स्पीकरमध्ये उतरते. पंखा पूर्ण वेगावर करा. खरखर गेली तर चोर सापडला. पायऱ्या-पायऱ्यांनी फिरणारे कपॅसिटरवाले रेग्युलेटर मिळतात, ते लावले की प्रश्न मिटतो. पंख्याबरोबर डिमरवरचे दिवे आणि स्वस्तातले मोबाइल चार्जरही याच पद्धतीने एक-एक काढून बघा.

मग लॅपटॉप. चार्जर लावलेला असताना हम येतो आणि चार्जर काढला की जातो, म्हणजे अर्थिंगचं वर्तुळ तयार झालंय. लॅपटॉप आणि ॲम्प्लिफायर वेगवेगळ्या बोर्डांवर असतील तर दोन्ही एकाच एक्स्टेंशनवर आणा. तरी राहिला तर ऑक्समध्ये ग्राउंड लूप आयसोलेटर लावा. डबीत दोन छोटे ट्रान्सफॉर्मर असतात, किंमत दोन-तीनशेच्या घरात. सेट-टॉप बॉक्सच्या बाबतीत डिश किंवा केबलची गोल वायर काढून बघा. हम त्याच वायरीने येत असेल तर टीव्हीच्या ऑप्टिकल आउटपुटला छोटा डॅक (डिजिटल सिग्नल ॲम्प्लिफायरला चालेल असा करून देणारी डबी) लावणं हा छान उपाय आहे, कारण मधे तांबं नसतं, नुसता प्रकाश जातो. त्यात फक्त टीव्हीच्या सेटिंगमध्ये डिजिटल ऑडिओ 'पीसीएम' करायला विसरू नका, नाहीतर स्वस्त डॅक एकतर मुका राहतो किंवा खरखरतो.

इथे एक सांगणं हात जोडून. हम जावा म्हणून तीन पिनांच्या प्लगची जाड पिन तोडू नका किंवा दोन पिनांचा जोड मधे घालू नका. हम जाईल, पण एक दिवस ॲम्प्लिफायरची पत्र्याची पेटी झटका देईल. ती पिन तुमच्यासाठी आहे, गाण्यासाठी नाही.

लाइट गेली की हम सुरू होत असेल तर तो इन्व्हर्टरचा. चौकोनी लाटेच्या स्वस्त इन्व्हर्टरवर तो यायचाच. गाण्यासाठी साइन वेव्ह इन्व्हर्टर घ्या असं मी म्हणणार नाही. तोवर फोनवर इअरफोनने ऐका.

व्हॉल्यूमचं बटण फिरवताना खरखर येते, ती बहुधा धुळीची आणि दमट हवेची. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात हे हमखास. उपकरण बंद करून, प्लग काढून, बटणाच्या फटीत काँटॅक्ट क्लीनरचा एक फवारा आणि बटण वीस-पंचवीस वेळा पूर्ण इकडून तिकडे. ऑक्स आणि आरसीएच्या (लाल-पांढऱ्या) पिना आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा.

सेटिंग, थोडक्यात

फोनचा आवाज नव्वद टक्क्यांच्या आसपास आणि ॲम्प्लिफायरचा कमी. उलटं केलं तर सूंऽऽ असा आवाज मोठा होऊन येतो. 'सराउंड', 'थ्रीडी', 'मेगा बास' सगळं बंद. इक्वलायझरमध्ये घुमणारा आकडा जिथे येतो ती पट्टी ३ ते ६ डेसिबल खाली घ्या. बाकीच्या पट्ट्या वर चढवू नका, उतरवण्याने जे साधतं ते चढवण्याने साधत नाही. संगणकावरून ऐकत असाल तर इक्वलायझर एपीओ हे विंडोजसाठीचं फुकट सॉफ्टवेअर हे काम नेमकं करतं. 'लाउडनेस'चं बटण रात्री हळू आवाजात ऐकताना वापरा, मोठ्या आवाजात नको. कान हळू आवाजात खालचे स्वर कमी ऐकतो, ते बटण फक्त तेवढ्यासाठी आहे. ब्लूटूथबद्दल लोक फार वाद घालतात. या बजेटमध्ये खोलीचा दोष निस्तरल्याशिवाय त्यातला फरक ऐकू येणार नाही.

आता पैसे काढा

डब्यावरचे वॉट वाचू नका. 'पीएमपीओ ५००० वॉट' लिहिलेल्या डब्याचा ॲडॅप्टर उलटा करून बघा. १२ व्होल्ट, २ ॲम्पियर लिहिलं असेल तर आत २४ वॉट जाताहेत. बाहेर त्याहून जास्त येणार कुठून? शिवाय आवाज कानाला दुप्पट वाटायला साधारण दहापट वॉट लागतात, त्यामुळे २० आणि ३० वॉटमधला फरक नावापुरताच. त्याऐवजी स्पीकरची सेन्सिटिव्हिटी, म्हणजे तेवढ्याच वॉटमध्ये तो किती मोठ्याने वाजतो, ते बघा. ८७ ऐवजी ९० डेसिबलचा स्पीकर घेतला तर ॲम्प्लिफायर दुप्पट मोठा घेतल्यासारखंच झालं.

माझी पसंती असते ती जुने स्पीकर आणि नवा छोटा ॲम्प्लिफायर. नव्वदच्या दशकातल्या म्युझिक सिस्टीमचे स्पीकर अनेक घरांच्या माळ्यावर पडून आहेत. सिस्टीम मेली, स्पीकर धडधाकट. मागे ४, ६ की ८ ओहम ते लिहिलेलं असतं. त्यांच्यासाठी टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या टीपीए ३११६ या चिपवरचा बोर्ड हजाराच्या आसपास मिळतो. १२ व्होल्टवर तो ८ ओहमच्या स्पीकरला जेमतेम ९ वॉट देतो, पण जुन्या लॅपटॉपचा १९ व्होल्टचा ॲडॅप्टर लावला की हिशोबाने २२ पर्यंत जातो. बोर्डवर १९ व्होल्ट चालतील असं लिहिलंय का आणि पिनेचं प्लस-मायनस बरोबर आहे का, हे आधी बघा. १० बाय १२ च्या खोलीत एवढा आवाज शेजाऱ्यांनाही पुरतो.

स्पीकरच्या वायरवर पैसे उधळू नका. इलेक्ट्रिकच्या दुकानातली १ चौरस मिलिमीटरची दोन तारांची फ्लेक्झिबल तांब्याची वायर ५ मीटर घेतली, तर जाऊन-येऊन रोध भरतो ०.१७ ओहम. ८ ओहमच्या स्पीकरपुढे तो नगण्य. मात्र तांबंच घ्या. वजनाला हलकी आणि आत चंदेरी निघणारी वायर तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची असते.

माळ्यावर काही नसेल तर पुण्यात बुधवारी-रविवारी भरणारा जुना बाजार, मुंबईत चोर बाजार. बोर्ड, पिना, वायरींसाठी लॅमिंग्टन रोड किंवा तापकीर गल्ली. जुना स्पीकर घेताना जाळी काढायला लावा. कोनाच्या कडेची पट्टी रबराची आहे की फोमची ते बोटाने बघा. फोम आपल्या हवेत काही वर्षांत भुरभुरतो, बोटाला चिकटतो. रबर वर्षानुवर्षं टिकतं. मग चार बोटांनी कोन सगळीकडून सारखा, अगदी हलक्या हाताने आत दाबा. आत काही घासल्याचा आवाज आला तर व्हॉइस कॉइल (कोन हलवणारं तारेचं वेटोळं) गेलेली आहे, दुकानदार काहीही सांगो. रिकोन करून, म्हणजे नवा कोन आणि कॉइल बसवून मिळतो, पण तो खर्च धरून भाव करा. दोन्ही स्पीकर एकाच मॉडेलचे हवेत, 'जवळपास तसाच आहे' हे चालत नाही.

एवढं सगळं करूनही हम राहिला तर ॲम्प्लिफायर दुरुस्तीला न्या, स्वतः उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते. दुकानात "आवाज खराब येतो" एवढंच सांगितलंत तर गोष्ट स्पीकर बदलण्यावर जाईल. त्याऐवजी असं सांगा : "सगळ्या इनपुट वायरी काढल्या तरी हम येतो, दोन्ही बाजूंना सारखा येतो आणि व्हॉल्यूम शून्यावर नेला तरी जात नाही." एवढं ऐकलं की जाणता कारागीर सरळ पॉवर सप्लायच्या फिल्टर कपॅसिटरकडे जातो.